कामारोन हा कोणाचाही पुरावा नाही

[१]
२ जुलै १९९२ रोजी बार्सेलोनाजवळच्या बादालोना शहरात होसे मोन्हे क्रूस हा गायक फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. वय एक्केचाळीस. स्पेन त्याला कामारोन दे ला इस्ला या नावाने ओळखतो. फ्लामेंको गायनाच्या विसाव्या शतकातील इतिहासाचे 'कामारोनपूर्वी' आणि 'कामारोननंतर' असे दोन भाग अभ्यासक बिनदिक्कत पाडतात. आपल्याकडे मराठी समाजमाध्यमांत मात्र या माणसाविषयी जे फिरते, त्यात त्याचे गाणे क्वचितच असते. असतो तो राजस्थानातून निघून आंदालुसियापर्यंत पोहोचलेला एक लाल बाण आणि खाली एक ओळ : फ्लामेंको मुळात आपलेच, हजार वर्षांनीही रक्त बोलते. हा धागा त्या ओळीविरुद्ध आहे. लांब आहे, वाचकांनी धीर धरावा.

[२]
प्रथम जे खरे आहे ते मान्य करू. रोमा लोकांचे पूर्वज भारतीय उपखंडातून सुमारे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेले, याविषयी आज गंभीर वाद उरलेला नाही. मुख्य पुरावा भाषेचा. स्पेनमधील रोमांना 'हितानो' म्हणतात आणि त्यांच्या बोलीला 'कालो'. तिच्यात पाण्याला 'पान्यी', दोनला 'दुई', तीनला 'त्रिन' म्हणतात. स्वतःच्या जमातीला ते 'काले' म्हणतात, म्हणजे काळे. मराठी वाचकाच्या अंगावर रोमांच उभे राहावेत असे हे शब्द आहेत, आणि तसे ते राहिले तर त्यात काही गैर नाही.

परंतु रोमानी भाषेत पुढे मोजत जा. सात, आठ, नऊ हे अंक ग्रीक आहेत. रस्त्याला त्यांचा शब्द 'द्रोम', तोही ग्रीक. फारसी आणि आर्मेनियन शब्दही आहेतच. तीनपर्यंत मोजून 'आपले' म्हणत थांबणारा माणूस साधनाचा अर्धाच भाग वाचतो. आणि हितानोंच्या कालोत तर रोमानी व्याकरणही उरलेले नाही. शब्द रोमानी, वाक्यरचना स्पॅनिश. भाषा अशी का मोडली, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. लाल बाणाच्या नकाशात तो येत नाही, कारण बाण स्पेनच्या सीमेवर पोहोचला की आपला रस संपतो.

[३]
म्हणून बाण जिथे संपतो तिथून सुरुवात करू. आयबेरियात या लोकांची पहिली लेखी नोंद १४२५ ची. आरागोनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने 'छोट्या इजिप्तच्या' एका सरदाराला प्रवासाचा परवाना दिला. आपण इजिप्तहून आलो असे ते सांगत. 'हितानो' हा शब्द त्यातूनच आला. पहिली काही दशके स्वागताची होती.

१४९९ साली इसाबेला आणि फेर्नान्दो या कॅथलिक राजदांपत्याने फर्मान काढले : साठ दिवसांत कुठे तरी स्थिर व्हा व मालक धरा, नाहीतर देश सोडा. पहिल्यांदा सापडल्यास शंभर फटके व हद्दपारी. दुसऱ्यांदा कान कापणे. तिसऱ्यांदा सापडल्यास पकडणाऱ्याची आजन्म गुलामी.

[४]
त्यानंतर फर्माने येतच राहिली, पण ३० जुलै १७४९ ची रात्र वेगळी होती. सहावा फेर्नान्दो राजा आणि एन्सेनादाचा मार्किस मंत्री असताना सगळ्या स्पेनमधील हितानोंना एकाच वेळी पकडण्याची गुप्त मोहीम राबवली गेली. अटक झालेल्यांची संख्या इतिहासकार ९,००० ते १२,००० च्या दरम्यान धरतात. पुरुष आणि सात वर्षांवरील मुलगे आरमारी गोद्यांमध्ये सक्तमजुरीला, स्त्रिया आणि लहान मुले वेगळ्या कोठड्यांत. स्त्री-पुरुष वेगळे ठेवण्यामागचा हेतू उघड होता : पुढची पिढीच होऊ द्यायची नाही.

यातली क्रूर विसंगती अशी की भटके लोक त्यातल्या त्यात निसटले. सापडले ते शेजारपाजार असलेले, गावाच्या नोंदवहीत नावे असलेले. राज्याने सांगितल्याप्रमाणे स्थिर झालेले. सगळ्यांची सुटका व्हायला १७६५ साल उजाडावे लागले.

ज्या गोद्यांमध्ये त्यांना धाडले त्यातली एक कादिसजवळची ला कार्राका. ती ज्या बेटावर आहे त्याचे तेव्हाचे नाव इस्ला दे लेओन, आताचे सान फेर्नान्दो. 'कामारोन दे ला इस्ला' यातली 'इस्ला' हीच. वंशावळ जोडण्याचा मोह येथेही टाळावा. एवढेच लक्षात असू द्यावे की हा गायक ज्या मातीत जन्मला तिला हितानोंची आठवण फार जुनी आणि फार जड आहे.

[५]
१७८३ हे साल तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम टिपून ठेवावे. त्या वर्षी जर्मनीत ग्रेलमानचा ग्रंथ निघाला आणि रोमा मूळचे भारतीय, हे मत युरोपभर पसरले. (र्‍यूडिगर याने भाषेच्या आधारे ते आदल्याच वर्षी मांडले होते.) त्याच वर्षी माद्रिदमध्ये तिसऱ्या कार्लोसने फर्मान काढले की हितानो म्हणवले जाणारे लोक मुळात हितानो नाहीतच; हा शब्द कोणी वापरू नये; त्यांनी आपला वेष, आपली बोली आणि भटकंती सोडावी, मग कोणताही धंदा करावा. एकीकडे पंडित त्यांना परदेशी मूळ देत होते, दुसरीकडे राजा त्यांना नावच ठेवू देत नव्हता. हितानोंना कोणीच विचारले नाही.

ग्रेलमानविषयी आणखी एक. त्याने या लोकांचा संबंध भारतातील सर्वांत खालच्या गणलेल्या थरांशी जोडला आणि त्यांच्याविषयी तुच्छतेने लिहिले. आज आपल्याकडे तोच सिद्धान्त वाचून लोक सांगतात की रोमा हे परकीय आक्रमकांशी लढलेले क्षत्रिय वीर होते. पुरावा तोच, जात मात्र वाचणाऱ्याच्या सोयीने बदलते.

[६]
आता संगीत. 'बारा मात्रा म्हणजे एकताल' हे विधान मी इतक्या वेळा वाचले आहे की त्याचे उत्तर जरा सविस्तर देणे भाग आहे.

सोलेआ, बुलेरिया अशा फ्लामेंकोच्या अनेक प्रकारांत बारा मात्रांचे आवर्तन असते हे खरे. त्याला 'कोम्पास' म्हणतात. सोलेआत आघात पडतात ते तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन अशी विभागणी. पहिल्या अर्ध्याची चाल तिस्र, दुसऱ्या अर्ध्याची दुपदरी, आणि शेवट बाराव्यावर. एकतालात दोन-दोन मात्रांचे सहा सरळ विभाग, टाळी-खालीची व्यवस्था वेगळी, आणि सगळे गणित समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊन मिळणारे. दोन्हींत समान आहे तो बारा हा आकडा. डझनातही बाराच असतात.

सुरांचे म्हणाल तर फ्लामेंकोची मूळ सुरावट आपल्या कानाला भैरवीच्या जवळची वाटते : रे, ग, ध, नी कोमल. युरोपीय परंपरेत याला फ्रिजियन म्हणतात आणि ती भूमध्य समुद्राच्या चहूबाजूंनी आढळते. शिवाय फ्लामेंकोत आधारस्वरावर गिटारचा जो झंकार मिटतो त्यात गंधार शुद्ध असतो. म्हणजे कोमल आणि शुद्ध दोन्ही गंधार शेजारी नांदतात, आणि त्या ओढाताणीतच या गाण्याचा जीव आहे. साम्य ऐकू येणे हा संशोधनाचा प्रारंभ असतो; आपल्याकडे तो निकाल समजला जातो.

कथक आणि फ्लामेंको यांच्या पदन्यासाचे तर विचारूच नका. कथकाला आजचे रूप आले ते लखनौ-जयपूरच्या दरबारांत, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. फ्लामेंको हे नाव आणि रंगमंचीय रूप कागदोपत्री दिसते ते एकोणिसाव्या शतकात. रोमा येथून निघाले त्याच्या कित्येक शतके नंतर जन्मलेल्या दोन गोष्टी ते गाठोड्यात बांधून कसे नेणार?

[७]
मौज अशी की हा दावा आपला स्वतःचाही नाही. १९२२ मध्ये ग्रानादा येथे मान्वेल दे फाया आणि फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या पुढाकाराने 'कान्ते होन्दो'ची स्पर्धा झाली. फायाने त्या निमित्ताने लिहिलेल्या पुस्तिकेत बायझंटाइन धर्मसंगीत, अरबी संगीत आणि हितानोंनी आणलेले पौर्वात्य गुण असे तीन धागे सांगितले. भारताचे नाव त्यात होते. तो संगीतकार होता, त्याने जे ऐकले ते मांडले. मात्र त्याच स्पर्धेत व्यावसायिक गायकांना प्रवेश नव्हता. कारण पैशाने कला भ्रष्ट होते, आणि शुद्ध गाणे खेड्यातल्या निरागस लोकांकडेच सापडते, अशी समजूत होती. ज्यांनी पोटासाठी गाऊन ही कला जिवंत ठेवली त्यांनाच दाराबाहेर उभे करणारे हे शुद्धतेचे प्रेम पुढे कामारोनच्या वाट्यालाही आले. स्वतः लोर्का पुढे आपल्यावर चिकटलेल्या हितानो-कवी या शिक्क्याला वैतागला होता. शुद्धतेच्या भक्तांना हे सहसा आठवत नाही.

[८]
होसे मोन्हे क्रूसचा जन्म ५ डिसेंबर १९५० चा, सान फेर्नान्दोतल्या गरीब हितानो घरात. आठ भावंडे. वडील लोहार, दम्याने लवकर गेले. आई हुआना टोपल्या विणीत असे आणि फार चांगले गात असे. गोरा वर्ण, पिंगट केस आणि काटक अंगकाठी पाहून एका मामाने त्याला 'कामारोन' म्हटले. म्हणजे कोळंबी. बेटावरची कोळंबी, हे त्या भव्य वाटणाऱ्या नावाचे मराठी.

सात-आठ वर्षांचा असताना तो रान्कापिनो या मित्राबरोबर खाणावळींत, येत्याजात्या लोकांपुढे गाऊन चार पैसे मिळवू लागला. त्याला व्हायचे होते बैलांशी झुंजणारा तोरेरो. गाणे पोटामागे आले.

गावात 'वेन्ता दे वार्गास' नावाची खाणावळ होती. मोठे गायक कादिसकडे आले की तेथे उतरत. तेथे त्या काळचा सम्राटच असलेल्या मानोलो काराकोलने या पोराला ऐकले आणि फारसे मनावर घेतले नाही. पिंगट केसांचा हितानो नीट गाऊच शकत नाही, असे तो म्हणाल्याची कथा सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण ती टिकली यातच तिचे मोल आहे : रक्ताचा सिद्धान्त हितानोंच्या घरातही चाले, आणि त्याने पहिला बळी द्यायचा ठरवला तो नेमका कामारोनचा.

[९]
'निरक्षर, उपजत, रक्तातून गाणारा' ही कामारोनची सर्वांत लाडकी प्रतिमा. ती खोटी ठरवायला त्याचे उमेदवारीचे दिवस पाहणे पुरेसे आहे. किशोरवयात माइरेना देल आल्कोरच्या महोत्सवात पहिले पारितोषिक, मग फिरत्या नृत्यमंडळ्या, मग माद्रिदमधील तोरेस बेर्मेहास या 'ताब्लाओ'त वर्षानुवर्षांची नोकरी. ताब्लाओ म्हणजे रोज रात्री ठरावीक वेळी नर्तकांसाठी गाणे. नर्तकाचा पाय कुठे पडणार हे गायकाला श्वासाआधी कळावे लागते. पुढे गेलास तर नाच मोडतो, मागे राहिलास तर तुझी नोकरी जाते. हजारो रात्री त्याने ही शिस्त केली. त्याच्या बुलेरियांत शब्द आघाताच्या किंचित मागे सोडून नेमक्या बाराव्याला आणून बसवण्याची जी लकब आहे, ती या रात्रींची कमाई होय.

आणि तो शिकला कोणाकडून? आईकडून; कादिसच्या ला पेर्लाकडून; आन्तोनियो एल चाकेता या फारशा नावाजल्या न गेलेल्या गायकाकडून; एस्त्रेमादुराच्या हितानोंकडून, ज्यांचे तांगोस आणि हालेओस त्याने आत्मसात करून साऱ्या देशाला ऐकवले. माणसाने माणसाकडून घेतलेली विद्या आहे ही. आपल्या ख्यालगायकाने घराण्याबाहेरची बंदिश मिळवली तर आपण त्याला व्यासंगी म्हणतो. हितानोने तेच केले की ते रक्त ठरते.

[१०]
माद्रिदमध्ये त्याला भेटला पाको दे लुसिया. आल्खेसिरासचा, हितानो नसलेला, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा गिटारवादक. १९६९ ते १९७७ या काळात दोघांनी मिळून नऊ ध्वनिमुद्रिका केल्या. १९७२ च्या 'कानास्तेरा'मध्ये तर त्यांनी एक नवा गानप्रकारच घडवला. 'कानास्तेरा' म्हणजे टोपल्या विणणारी.

या मुद्रिका आज अभिजात गणल्या जातात. ज्यांना कामारोन ऐकायचा आहे त्यांनी येथून सुरू करावे. नंतरची वादळे समजायची असतील तर आधी ही घडी समजली पाहिजे.

[११]
आता त्या काळाच्या स्पेनकडे पाहा. फ्रँकोची राजवट पर्यटकांना फ्लामेंको विकत होती. झालरीचे झगे, गिटार, हसरी हितानी, हे देशाचे जाहिरातपत्रक. आणि त्याच वेळी ग्वार्दिया सिविल या निमलष्करी पोलीस दलाच्या १९४३ च्या नियमावलीत हितानोंवर कसोशीने नजर ठेवावी, त्यांची कागदपत्रे आणि हालचाली तपासाव्यात, अशी कलमे होती. फ्रँको मेला १९७५ मध्ये. ही कलमे निघाली १९७८ मध्ये, हुआन दे दिओस रामिरेस-एरेदिया या हितानो खासदाराने संसदेत प्रश्न लावून धरल्यावर.

कामारोन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या नऊही गाजलेल्या मुद्रिका ज्या देशात निघाल्या त्या देशाचे पोलीस त्याच्या जमातीला नावानिशी संशयित मानत होते. 'हजार वर्षांची वेदना' असले शब्द वापरणाऱ्यांना हे साल ठाऊक नसते, आणि मला त्याचा राग येतो. वेदनेला दंतकथेत ढकलले की तिला तारीख राहत नाही, जबाबदार राहत नाही.

[१२]
दुसरा पक्षही तपासला पाहिजे. १९६३ मध्ये रिकार्दो मोलिना आणि थोर हितानो गायक आन्तोनियो माइरेना यांचा ग्रंथ आला. फ्लामेंकोचा गाभा हितानोंच्या घरांत बंद दारांआड अनेक पिढ्या जपला गेला, असे त्याचे प्रतिपादन. त्यामागची तळमळ समजण्यासारखी आहे. ज्यांच्याकडून सगळे घेतले आणि श्रेय दिले नाही त्यांना श्रेय मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता. माइरेनाने बुजत चाललेले असंख्य प्रकार गोळा करून गायले, हे उपकार मोठे.

पण बंद दारांआडच्या काळाचा पुरावा काय, तर पुरावा नसणे हाच पुरावा. असा युक्तिवाद आमच्या चाचणी परीक्षेतही चालणार नाही. कागदपत्रांत जे फ्लामेंको दिसते ते सुरुवातीपासून मिश्र आहे. एकोणिसाव्या शतकात ज्याने त्याला कॅफेच्या मंचावर आणले तो सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती, सेव्हियाचा, बाप इटालियन. आणि तो शिकला एल फियो या हितानो लोहाराच्या परंपरेत. देणारा हितानो, नेणारा दुसराच, मग परत हितानोंकडे. अशा येरझाऱ्यांतून ही कला झाली. हितानोंचा वाटा त्यात मध्यवर्ती आहे. मध्यवर्ती असण्यासाठी एकमेव असण्याची गरज नसते.

[१३]
१९७९. 'ला लेयेन्दा देल तिएम्पो', म्हणजे काळाची दंतकथा. निर्माता रिकार्दो पाचोन. पाको दे लुसिया नाही. गिटारवर तरुण तोमातितो आणि राइमुन्दो आमादोर. शीर्षकगीताचे शब्द लोर्काच्या नाटकातले. एक गीत ओमर खय्यामवर बेतलेले. किको वेनेनोची रचना. विजेवरची बास गिटार, ड्रम, सिंथेसायझर, बासरी. मुखपृष्ठावर नाव फक्त 'कामारोन'. बेट गळून पडले.

शुद्धतावादी खवळले. ग्राहकांनी मुद्रिका दुकानात परत आणून दिल्याच्या कथा आहेत. हा कामारोन नव्हे, अशी तक्रार. तो जिवंत असेपर्यंत या मुद्रिकेच्या सहा हजारही प्रती खपल्या नाहीत असे नोंदले गेले आहे. आज तीच स्पॅनिश संगीताच्या कोणत्याही यादीत वरच्या क्रमांकांवर असते. पुढची मुद्रिका, १९८१ ची 'कोमो एल आग्वा', पाको आणि तोमातितो दोघांना घेऊन, पुन्हा ओळखीच्या वाटेने. पण दार उघडले ते उघडलेच.

[१४]
त्या १९७९ च्या मुद्रिकेतले शेवटचे गीत ऐका : 'नाना देल काबायो ग्रान्दे'. लोर्काच्या नाटकातील अंगाईगीत. कामारोनच्या आवाजाबरोबर तेथे सतार वाजते.

लाल बाणवाल्यांना हर्ष होईल. म्हणून सांगतो, ती सतार वाजवतो ग्वाल्बेर्तो गार्सिया, सेव्हियातील 'स्मॅश' या रॉक गटाचा वादक, हितानो नसलेला. सतार आंदालुसियात आली ती हजार वर्षांच्या पायवाटेने नव्हे. १९६० च्या दशकात पंडित रविशंकरांमुळे आणि बीटल्समुळे जगभरच्या रॉक संगीतात ती शिरली, त्या लाटेबरोबर आली. म्हणजे कामारोनच्या गाण्यात भारत खरोखर ऐकू येतो, तो विमानाने आणि रेकॉर्डवरून आलेला विसाव्या शतकातला भारत आहे. मला विचाराल तर रक्ताच्या कथेपेक्षा ही कथा कितीतरी सुंदर आहे, कारण येथे कोणी तरी ऐकले, आवडले, शिकले आणि निवडले.

तसेच काहोनचे. आज फ्लामेंकोची कल्पनाच ज्या लाकडी पेटीवाचून करता येत नाही, ते पेरूच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे वाद्य. पाको दे लुसियाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते लिमाहून आणले आणि ब्राझीलच्या रुबेम दान्तासने वाजवले. पन्नास वर्षेसुद्धा झाली नाहीत, आणि पर्यटकांना ते पुरातन वाटते.

[१५]
रक्ताच्या सिद्धान्ताची खरी किंमत कोण मोजतो? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. सुरुवातीच्या मुद्रिकांवर रचनाकार म्हणून पाकोचे वडील आन्तोनियो सान्चेस यांचे नाव भरपूर आढळते. कामारोनचे नाव रचनाकार म्हणून फारच थोड्या गीतांवर. त्याच्या मृत्यूनंतर हक्क आणि मानधन यांवरून कटू वाद पेटला. कुटुंबाला वाटले अन्याय झाला. पाको दे लुसिया या आरोपांनी मोडून गेला, आणि त्याच्या मित्रप्रेमाविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. कोण बरोबर, हे ठरवणे या धाग्याचे काम नाही.

पण प्रश्न पाहा. परंपरेतील चार ओळी घेऊन त्यांना आपल्या श्वासाने, आपल्या ठेहरावाने जो नवे रूप देतो तो रचनाकार की वाहक? कायद्याने त्याला वाहक मानले. रसिकांनीही तेच केले, फक्त गोड शब्दांत : तो गात नाही, त्याच्यातून त्याची जमात गाते. गाणे रक्तातून वाहत असेल तर मानधन कोणाला द्यायचे? रक्ताला बँकेत खाते नसते. कलावंताला 'निसर्ग' म्हणून गौरवणे आणि त्याला 'कर्ता' म्हणून नाकारणे या गोष्टी एकाच हाताने होतात.

[१६]
उरलेले थोडक्यात. १९८७ चे पॅरिस, १९८९ ची 'सोय हितानो' लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह, १९९१ चे मोंत्रो. हेरॉइनचे व्यसन आणि अखंड धूम्रपान यांवर लिहिणाऱ्यांची कमी नाही. मी त्यात भर घालत नाही. जानेवारी १९९२ मध्ये माद्रिदच्या एका विद्यार्थी वसतिगृहात शेवटची मैफल. सान फेर्नान्दोतल्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी आजही सांगितली जाते. २००० साली आंदालुसियाच्या सरकारने त्याला मरणोत्तर 'सुवर्ण किल्ली' दिली. २०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवतेचा अमूर्त वारसा ठरवले. २०२१ मध्ये वेन्ता दे वार्गासच्या शेजारी त्याचे संग्रहालय उघडले.

वारशाची एक अडचणही सांगितली पाहिजे. त्याच्यानंतरच्या पिढीत इतक्या गायकांनी त्याचा घोगरा, भाजलेला स्वर उचलला की काही वर्षे तरुण फ्लामेंको म्हणजे कामारोनचीच प्रतिध्वनी झाली. दुकेन्देसारखे काही त्यातून स्वतःपर्यंत पोहोचले. अनेक पोहोचले नाहीत. रोसालिया, जिची गाणी तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये असतील, तीही किशोरवयात कामारोन ऐकून या वाटेला लागली असे सांगते. आणि हितानो नसताना फ्लामेंको गाते म्हणून तिच्यावर टीका झाली. वाद अजून तोच आहे.

[१७]
विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा मीच मांडतो. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तिने स्वीकारलेला ध्वज निळा-हिरवा, मध्ये लाल सोळा आऱ्यांचे चक्र. भारताच्या ध्वजावरील चक्राची आठवण देणारे. वीर राजेंद्र ऋषी यांच्यासारखे भारतीय त्या चळवळीशी जोडलेले होते. म्हणजे रोमांनीच भारताशी नाते सांगितले.

अगदी खरे. ज्यांना शतकानुशतके 'तुमचे मूळच नाही' म्हटले गेले त्यांनी मुळाकडे हात करणे ही राजकीय कृती होती, आणि तो त्यांचा अधिकार होय. नाते सांगण्याचा अधिकार ज्याला गरज आहे त्याच्याकडे असतो. आपण गेल्या हजार वर्षांत त्यांच्यासाठी काय केले, की आपण ते वसूल करावे?

आणि थोडे घरात पाहू. १८७१ मध्ये इंग्रजांनी 'क्रिमिनल ट्राइब्ज' कायदा केला. एखाद्या जमातीला जन्मानेच गुन्हेगार ठरवणारी ती समजूत १४९९ च्या फर्मानाहून फार लांबची नव्हे. भारतातील भटक्यांना इंग्रज अधिकारी सर्रास 'जिप्सी' म्हणत. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट उभी राहिली. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. गावात चोरी झाली की पहिला संशय आजही पारध्याच्या पालावर जातो, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. आंदालुसियातला हितानो आपला भाऊ आणि वेशीबाहेरचा पारधी चोर, हे एकाच भिंतीवर, कधी एकाच माणसाच्या, वाचायला मिळते. भाऊ सात हजार किलोमीटर दूर असला की परवडतो.

[१८]
तोनी गात्लिफचा १९९३ चा 'लाचो द्रोम' हा चित्रपट पुरावा म्हणून प्रतिक्रियांत येणारच, म्हणून आधीच लिहितो. राजस्थानातून सुरू होऊन स्पेनमध्ये संपणारा तो अप्रतिम चित्रपट आहे, आणि त्याचा दिग्दर्शक स्वतः रोमा वंशाचा आहे. त्याने वेगवेगळ्या देशांतल्या जिवंत लोकांना क्रमाने दाखवून एक काव्य रचले. राजस्थानातले ते गायक विसाव्या शतकातले राजस्थानी आहेत. कोणाचे गोठवून ठेवलेले पूर्वज नव्हेत. त्यांनाही तसे वागवू नये.

[१९]
ज्यांना आता ऐकायचे आहे त्यांच्यासाठी क्रम. आधी १९७२ ची 'कानास्तेरा', हेडफोन लावून, हाताने बारा मोजत; तीन, सहा, आठ, दहा, बारा यांवर टाळी. पहिल्या दिवशी चुकेल. चौथ्या-पाचव्या दिवशी कामारोन कोठे थांबतो आणि का थांबतो ते कळू लागेल. मग १९७९ ची पूर्ण मुद्रिका, एका बैठकीत. मग 'पॅरिस १९८७', जिथे तोमातितो आणि तो दोघेच आहेत आणि लपायला वाद्यवृंद नाही.

पुढील धागा पास्तोरा पावोन, म्हणजे 'ला निन्या दे लोस पेइनेस' हिच्यावर : सेव्हियाची हितानी, चाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणे, आणि लोर्काने व्याख्यानात सांगितलेल्या एका गोष्टीखाली दबून गेलेली बाई. मतभेद असतील ते प्रतिक्रियांत साधनांसह लिहावेत. नकाशे पाठवू नयेत. माझ्याकडे पुरेसे जमले आहेत.